परक्या भाषेतला निर्णय

एका पुलाखालून रूळ गेलेला आहे. रुळावर पाच माणसे आहेत आणि वेगाने येणारी ट्रॉली त्यांना चिरडणार हे नक्की आहे. पुलावर तुमच्या शेजारी एक धिप्पाड माणूस उभा आहे. त्याला खाली ढकलले, तर त्याच्या देहाला अडून ट्रॉली थांबेल. तो मरेल, पण पाच जण वाचतील. तुम्ही त्याला ढकलाल का?

फिलिपा फूट यांच्या १९६७ मधील कोड्यातून पुढे जूडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी घडवलेला हा पेच नीतिशास्त्राच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे. बार्सिलोनाचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट कोस्टा, शिकागो विद्यापीठाचे बोआझ केसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो द्वैभाषिकांपुढे ठेवला, काहींना मातृभाषेत आणि काहींना मागाहून शिकलेल्या भाषेत. २०१४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोरिया, अमेरिका, फ्रान्स आणि इस्रायलमधील सहभागींपैकी मातृभाषेत २० टक्के लोक त्या माणसाला ढकलायला तयार झाले, तर परक्या भाषेत ३३ टक्के. स्पॅनिश आणि इंग्रजी भाषकांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात ही तफावत १८ आणि ४४ टक्के इतकी रुंदावली.

याच पेचाच्या दुसऱ्या रूपात कोणाला हात लावायचा नसतो. फक्त सांधा बदलून ट्रॉली दुसऱ्या रुळावर वळवायची असते, जिथे एकच माणूस आहे. तिथे दोन्ही भाषांत सुमारे ८० टक्के लोकांनी होकार दिला. म्हणजे भाषेचा परिणाम दिसतो तो जिवंत माणसाच्या पाठीवर हात ठेवावा लागतो तिथे.

परकी भाषा सावकाश वाचावी लागते, म्हणून माणूस अधिक विचारपूर्वक निर्णय घेतो, असे वाटणे साहजिक आहे. परंतु सायुरी हायाकावा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये फायद्या-तोट्याचा हिशेब आणि मनातली मनाई हे दोन घटक वेगळे करून तपासले, तेव्हा हिशेब करण्याची वृत्ती वाढलेली दिसली नाही; 'हे करता कामा नये' ही आतली टोचणी मात्र बोथट झाली होती. मला हा निष्कर्ष सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला अशी बधिरता समंजसपणासारखीच दिसते.

या टोचणीचे मूळ बालपणात असावे. कॅथरीन कॉल्डवेल-हॅरिस आणि आयशे आयचिचेई यांनी २००३ मध्ये तुर्की भाषकांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली (भावना उसळली की ती वाढते), तेव्हा लहानपणी कानांवर पडलेले रागावण्याचे बोल तुर्कीत ऐकताना शरीर जास्त दचकत होते. त्याच अर्थाचे इंग्रजी बोल तितके झोंबत नव्हते.

परकी भाषा जितकी सवयीची, तितका हा परिणाम ओसरतो, असे कोस्टा यांच्या आकडेवारीतही दिसले. त्यामुळे उच्च न्यायालयात आयुष्यभर इंग्रजीत युक्तिवाद करणाऱ्या मराठी वकिलापेक्षा मोठेपणी नवी भाषा शिकून थेट जबाबदारीच्या कामावर रुजू होणाऱ्यांची चिंता मला अधिक वाटते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. रुग्णाचे उपचार थांबवायचे का, अशी चर्चा जर्मनमधून चालली असताना, मत देण्यापूर्वी तोच प्रश्न मनाशी एकदा मराठीत मांडण्याइतका वेळ त्या परिचारिकेला मिळायला हवा आणि तो कामाचा भाग म्हणूनच मिळायला हवा.