गोचिडीचं औषध रक्तातून जातं तेव्हा
(दूध उत्पादकांच्या मेळाव्यात एका पशुवैद्यकाने दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, मला हमखास विचारला जाणारा प्रश्न आधीच घेतो. "डॉक्टर, काल आयव्हर्मेक्टिनचं इंजेक्शन दिलं, आज सकाळी कासेला गोचिडी तशाच. औषध बोगस होतं का?"

बोगस नव्हतं. फवाऱ्याच्या औषधाची चाल वेगळी आणि सुईच्या औषधाची वेगळी. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, अमित्राझ ही औषधं अंगावर पडली की बाहेरून मारतात. तुमच्या वडिलांच्या पिढीने म्हशीच्या पाठीवर बीएचसी पावडर चोळलेली असेल. तिच्यावर १९९७ साली बंदी आली, पण तिचं कामही असंच, बाहेरून चालायचं. आयव्हर्मेक्टिनचं तसं नाही. ते कातडीखाली टोचायचं, तिथून ते हळूहळू रक्तात उतरतं. गोचिडीने रक्त प्यायलं तरच तिच्या पोटात जातं. प्यायलीच नाही तर मरणार कशाने?

आता गोचिडीचं पिणं बघा. संकरित गाईंना छळणारी एक जात आपलं लहानपण, तरुणपण, म्हातारपण सगळं एकाच गाईवर काढते. चिकटल्यापासून गळून पडेपर्यंत साधारण तीन आठवडे. एवढे दिवस ती घोट घोट पिते आणि पोटभर रक्त ओढते ते शेवटच्या दिवसभरात. आदल्या दिवशी मसुरीएवढी दिसलेली मादी दुसऱ्या दिवशी एरंडीएवढी होते. (एरंडाचं शास्त्रीय नाव 'रिसिनस'. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच गोचीड. बी हातात घेऊन बघा, नाव ठेवणाऱ्याला दाद द्याल.) म्हणून इंजेक्शनचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी शोधू नका. आठ-दहा दिवसांत त्या फुगतात का, की वाळक्या राहतात, ते बघा. पोट भरलेली एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, अर्धपोटी राहिली तर फारच कमी. तरीही एका डोसात सगळ्या साफ होतील असं मी सांगणार नाही.

म्हशीच्या खरजेवर मात्र हे औषध फार चांगलं चालतं, पंधरवड्याने पुन्हा एकदा टोचलं की. उवांमध्ये दोन पंथ आहेत. रक्त पिणाऱ्या उवा मरतात, कातडीचा कोंडा खाणाऱ्या पुष्कळशा वाचतात, कारण त्या रक्ताला तोंडच लावत नाहीत.

मग याच औषधाने गाय का मरत नाही? किड्यांच्या नसांमध्ये एक विशिष्ट दार असतं, औषध ते उघडं ठेवतं आणि किडा लुळा पडतो. आपल्यात आणि जनावरांत ते दार नाही. त्याच्यासारखं एक दार मेंदूत आहे, पण तिथे औषध सहसा पोचत नाही. हे औषध निघालं जपानच्या मातीतून. सातोशी ओमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी इतो शहरातल्या एका गोल्फ मैदानाजवळून उचललेल्या मातीत एक जिवाणू सापडला. त्यापासून पुढे आयव्हर्मेक्टिन झालं आणि १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. ओमुरा आणि या औषधावर काम करणारे शास्त्रज्ञ विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं.

'सहसा पोचत नाही' म्हणालो, त्यातलं 'सहसा' लक्षात ठेवा. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे औषधाला मेंदूबाहेर अडवणारी राखण ढिली असते. गाईची बाटली उरली म्हणून त्यातलं दोन थेंब कुत्र्याला, असं कुणी करू नये. असं एक कुत्रं मी झोकांड्या खाताना पाहिलं आहे. मालकाला वाटलं, साप चावला.

आता दुधाकडे येतो, आणि इथे जरा थांबणार आहे. जे रक्तात गेलं ते कासेतही जातं. आयव्हर्मेक्टिन स्निग्धात विरघळतं, म्हणून दुधात उतरतं आणि सायीबरोबर राहतं. "उकळलं की जातं" हा समज चुकीचा आहे, तापवून ते नाहीसं होत नाही. दुभत्या गाईला ते टोचायचंच नाही. युरोपातल्या लेबलवर तर विण्याआधीचे ६० दिवसही वर्ज्य लिहिलेले असतात. आपण गाय आटवतो, म्हणजे दूध काढणं थांबवतो, तेच मुळात विण्याच्या दोनेक महिने आधी. म्हणजे टोचायचं तर आटवल्या आटवल्या, 'बघू पुढच्या आठवड्यात' चालत नाही. इप्रिनोमेक्टिन नावाचं पाठीवर ओतायचं औषध दुधात फार कमी उतरतं, ते दुभत्या जनावरांसाठीच काढलं. महाग पडतं, हे मला ठाऊक आहे. पण संकलन केंद्रावर जाणाऱ्या कॅनमध्ये काय जातंय ते आपल्यालाच ठाऊक असतं, दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरला ते कळत नाही.

उरलेलं बरंचसं औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेण पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या मारतं. उकिरड्यावर पो दिवसेंदिवस तसाच पडून राहतो तो त्यामुळेही.

गोठ्याबद्दल थोडक्यात. कुठल्याही वेळी बहुतेक गोचिडी जनावरावर नसतात, भिंतीच्या भेगांत, गव्हाणीखाली, गवताच्या टोकावर असतात. तिथे सुई पोचत नाही. भेगा लिंपा. भेगांवर फ्लेमगन, म्हणजे ज्योत सोडणारं यंत्र, फिरवणार असाल तर कडबा आधी बाहेर काढा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

शेवटचं, डोस. एक टक्क्याचं औषध ५० किलोला १ मिली. गाय किती किलोची? सगळे डोळ्याने सांगतात, आणि कमीच सांगतात. कमी डोस गेला की चिवट गोचिडी जगतात, पुढची वीण त्यांचीच. म्हणून टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग. त्याला खांद्याच्या टोकापासून बुडाच्या हाडापर्यंतच्या इंचातल्या लांबीने गुणा, ६६० ने भागा. घेर ६६ आणि लांबी ६० आली तर ३९६ किलो, म्हणजे ८ मिली.

बाहेर चिंचेखाली ती जर्सी बांधली आहे ना? चला, सगळे उठा. आधी आपापला अंदाज कागदावर लिहा, मग टेप लावू.