पाण्यामागे उतरत जाणारी वाडी

(दृश्य: पाळीवरून दिसणारा तलाव, सकाळ)

गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. नवेगावबांधच्या जंगलाला टेकून असलेला हा एक मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेला. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाने त्यांतले बहुतेक बांधले. खोलगट जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडूम ठेवायचा आणि जास्तीच्या पाण्याला सांडवा. शेजारचा नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला. लोकांनी त्यांना पुढे देवच मानलं. तलावाकाठी कोलासूर म्हणून त्यांची पूजा होते.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारचे झाले. मासेमारी धीवरांच्या सहकारी संस्थांकडे आली. उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या या काठावर मात्र अजूनही गावातली मोजकी घरं वाडी करतात, म्हणजे गाळात टरबूज आणि भाजीपाला लावतात. ही फिल्म त्या वाडीची आहे.

(दृश्य: ओल्या गाळात फावडं)

धानाला शेवटचं पाणी सुटून गेलं की तलाव मागे सरकू लागतो. जिथून पाणी हटलं तिथला गाळ पायाला ओला लागतो, पण पाय रुतत नाही, तेव्हा आळी करायची वेळ झाली. हे ठरवायला कोणतंही यंत्र नाही. वाडी करणाऱ्या घरातल्या मावशी चप्पल काढून चालतात आणि टाचेने जागा दाखवतात.

हातभर खोल आळं. तळाला कुजलेलं शेणखत, वर तलावाचाच गाळ. बी आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवलेलं, मग ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी उबेला ठेवलेलं. डोळा फुटला की एका आळ्यात चार-पाच बिया. टरबूज, काकडी, कोहळं, दोडका, बांधाच्या कडेला चवळी आणि थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर. पंधरा दिवसांनी पाणी आणखी खाली जातं, मग खाली नवी ओळ. वरच्या ओळीला फुलं येतात तेव्हा खालच्या ओळीत नुकती दोन पानं असतात. त्यामुळे सगळा माल एकदम येत नाही. बाजार दोन-अडीच महिने चालू राहतो. तलावाची उतरती पातळी ज्यांनी पिढ्यान् पिढ्या वाचली, त्यांनीच हे गणित बसवलंय.

(दृश्य: झिऱ्यातून पाणी काढणारी सून, वेलीखाली हात)

मार्चनंतर वरच्या ओळींची ओल तुटते. मग वाळूत झिरा खणायचा, गुंडाने, म्हणजे घागरीने, पाणी काढायचं आणि प्रत्येक आळ्याच्या बुडाशी सावकाश ओतायचं. पानांवर थेंबही पडू द्यायचा नाही. फळ मुठीएवढं झालं की त्याच्याखाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, सरकवायची, नाहीतर तापलेल्या मातीने खालची बाजू भाजते. इथे बघा, सूनबाई एकेक फळ उचलतात, वळवतात, परत ठेवतात. देठाजवळची बाळी, म्हणजे वेलीचा वळलेला तंतू, सुकली की टरबूज पिकलं. बोटाच्या टिचकीचा आवाज त्या फक्त खात्रीसाठी ऐकतात.

(दृश्य: पानगळ झालेला सागवान, कोरडा नाला, तलावाकाठी चितळं)

पाळीपलीकडे जंगल सुरू होतं. नवेगावला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 1975 साली मिळाला आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. एप्रिलमध्ये साग उघडाबोडका असतो, गवत वाळून गेलेलं, नाल्यांत दगड दिसतात. मोहाच्या फुलांवर काही आठवडे निघतात. त्यानंतर हिरवं आणि ओलं असं एकच ठिकाण उरतं, ते म्हणजे तलावाचा काठ. भूक या जनावरांना इथे आणते. त्यांना चोर म्हणणं आम्हाला पटत नाही, आणि वाडीवाल्यांच्या तोंडीही तो शब्द नाही.

तलावाच्या पोटात पूर्वी त्यांच्यासाठीही खायला होतं. पाणी हटलं की कोवळं गवत उगवायचं. कमळाचे आणि पाणवनस्पतींचे कंद उकरत रानडुकरं काठच्या चिखलातच रमायची. मग बेशरम आली. या झुडपाला गुरं तोंड लावत नाहीत, हरणंही नाहीत. तिने काठ व्यापला की खाली गवत उरत नाही. याच तालुक्यातल्या काही तलावांत धीवर महिलांनी बेशरम मुळासकट उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांनी ते मासळीसाठी केलं. पण काठावर चारा परत आला तर त्याचा फायदा चितळांनाही आहे आणि वाडीलाही. या फिल्ममधलं आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं काम हेच. प्रत्येक मामा तलावावर ते व्हायला हवं.

(दृश्य: मचाण, लुगड्यांचं कुंपण, संध्याकाळ)

तोवर जागल आहेच. बोरीच्या काट्यांचं कुंपण, त्यावर जुनी लुगडी बांधलेली, दोरीला टांगलेले रिकामे डबे. मचाणावर रात्री आळीपाळीने एक जण जागा. दिवसा वानरांवर मुलांची नजर. मोर कोवळी रोपं टिपतात म्हणून आळ्यांवर पळसाच्या फांद्या.

(दृश्य: रात्रीचा कॅमेरा, रानडुकरांचा कळप, नंतर सकाळची वाडी)

सकाळी फळ पाहूनच कोण येऊन गेलं ते कळतं. कोल्हा टरबूज एका बाजूने फोडतो, गर खातो आणि शेजारच्या वेलीला धक्का लावत नाही. रानडुकरांचा कळप वेलींसकट आळं उकरतो, कच्चं-पिकलं पाहत नाही. इथे चार ओळी होत्या.

वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर सरकार भरपाई देतं, पण अर्जाला सातबारा लागतो आणि तलावाच्या पोटातल्या जमिनीचा सातबारा यांच्या नावावर नाही. कुठे कुठे लोक वैतागून कुंपणात वीज सोडतात. त्यात विदर्भात वाघही मेलेत आणि माणसंही. या वाडीत तार नाही.

(दृश्य: डोक्यावर टोपल्या, आठवडी बाजार)

उरलेला माल उन्हं चढायच्या आत निघतो. बाजारात टरबूज आधी संपतं, काकडी वाट्यावर जाते, सांबार ओल्या फडक्यात झाकून ठेवतात. दर वर्षी ग्रामपंचायतीने वाड्यांची नोंद करावी, कुणाची किती आळी, कोणत्या बाजूला, आणि पंचनाम्याच्या वेळी ती नोंद सातबाऱ्याच्या जागी धरावी, असं या बायका सांगतात. नोंदीला एक वही पुरेल.