रिटर्नचा सीझन संपला की सीएंच्या ऑफिसात कुठले किस्से रंगतात?

नमस्कार मंडळी!

१५ सप्टेंबर २०२५ ची रात्र. आयकर रिटर्नची शेवटची तारीख संपायला थोडा वेळ उरला होता आणि एका दिवसाची मुदतवाढ जाहीर झाली. जोडीला सूचना अशी की रात्री १२ ते अडीच पोर्टल देखभालीसाठी बंद. म्हणजे दिवस वाढवून मिळाला, पण त्याची सुरुवात हातावर हात ठेवून.

१६ तारीख सरली आणि सीझन संपला, असं आपण म्हणतो. सीएंना विचारा. २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं मासिक रिटर्न), ३० ला टॅक्स ऑडिट. (ऑडिटची तारीख नंतर पुढे गेली, पण १७ तारखेला ते कुणाला ठाऊक?) तर मधले दोन-तीन दिवसच काय ते मोकळे. कुणीतरी वडे मागवतं, आर्टिकल्स (सीएंच्या हाताखाली शिकणारी मुलं) खुर्च्या ओढून बसतात आणि पार्ट्यांचे, म्हणजे क्लायंटचे, किस्से सुरू होतात.

[स्क्रीनवर: नाव नाही, गाव नाही, खरा आकडा नाही]

एक पथ्य मात्र आहे. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९, दुसरी अनुसूची, भाग एक. त्यातला पहिलाच खंड सांगतो की क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगणं हे व्यावसायिक गैरवर्तन. आणि नुसतं नाव गाळून भागत नाही. ‘तालुक्यातले एकमेव हाडांचे डॉक्टर’ म्हटलं की सगळ्यांना कळतंच. म्हणून आपणही आज माणसं बाजूला ठेवू आणि किस्स्यामागचं गणित बघू. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतलेत.

सगळ्यात जास्त रंगतो तो नोकरी बदललेल्याचा किस्सा. “माझा टीडीएस (पगारातून आधीच कापलेला कर) शून्य आहे, रिटर्न नावापुरतं भरून टाका,” असं म्हणत हे येतात.

[स्क्रीनवर: गणित एकेक ओळीने]

आर्थिक वर्ष २०२४-२५, नवी करप्रणाली. एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीत महिना ६० हजार. कंपनीने अंदाज धरला वर्षाचे ७ लाख २० हजार. त्यातून ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची सरसकट वजावट) गेली, उरले ६ लाख ४५ हजार. सात लाखांच्या आत, म्हणून रिबेट (करमाफी), कर शून्य. ऑक्टोबरपासून दुसरी कंपनी, महिना ९० हजार. तिच्या लेखी सहा महिन्यांचे ५ लाख ४० हजार, पुन्हा ७५ हजार वजा, पुन्हा कर शून्य. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर.

आता बेरीज करा. ९ लाख, आणि ७५ हजार एकदाच वजा. ८ लाख २५ हजार. सातची मर्यादा ओलांडली, रिबेट गेलं. ३ ते ७ लाखांवर ५ टक्के, २० हजार. वरच्या सव्वा लाखावर १० टक्के, साडेबारा हजार. त्यावर ४ टक्के सेस (करावरचा उपकर). एकूण ३३,८००. ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) भरला नाही म्हणून कलम २३४बी आणि २३४सी चं व्याज वेगळं. सप्टेंबरात भरणाऱ्याला ते साधारण ३,७०० पडतं. मुदतवाढ मिळाली म्हणून २३४बी चं व्याज थांबत नाही, हे सांगितलं की समोरचा हमखास उखडतो.

उपाय सोपा आहे. नव्या कंपनीत रुजू झाल्यावर जुन्या पगाराचा तपशील (त्या वर्षी फॉर्म १२बी मध्ये) द्यायचा, म्हणजे उरलेल्या महिन्यांत कर कापला जातो. लोक देत नाहीत, कारण जुना पगार एचआरला कळू द्यायचा नसतो. म्हणून मुरलेला सीए फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार आणि टीडीएसचा दाखला) च्या आधी बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट मागतो आणि पगार जमा करणाऱ्याचं नाव मध्येच बदललंय का ते बघतो.

पुढचा किस्सा ऐकताना मात्र हसू येत नाही. “शेजारच्याला ७० हजार रिफंड आला. मला का नाही?”

का, ते बघा. जुन्या प्रणालीत साडेबारा लाख करपात्र उत्पन्न. एजंट त्यात कलम ८०जीजीसी खाली राजकीय पक्षाला २ लाखांची देणगी टाकतो आणि ८०डी खाली २५ हजारांचा आरोग्य विमा. देणगीही नाही, विमाही नाही. सव्वादोन लाखांवर सेससकट ३१.२ टक्के, म्हणजे ७०,२०० रुपये. एजंटचं कमिशन त्यातच.

१४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने अशा मध्यस्थांविरुद्ध देशभर १५० ठिकाणी कारवाई केली. त्यात पुढे आलेली एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही जण घाऊक रिटर्न भरायला तात्पुरते ईमेल उघडत आणि नंतर सोडून देत. नोटीस त्या ईमेलवर पडून राहते. करदात्याला पत्ताच नाही.

आणि जबाबदारी? रिटर्न ज्याच्या पॅनवर, त्याची. ७०,२०० परत, वर व्याज. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असं ठरलं तर कलम २७०ए खाली कराच्या २०० टक्के दंड, म्हणजे आणखी सुमारे १ लाख ४० हजार. कमिशन काही परत येत नाही. तेव्हा दुसऱ्याकडून रिटर्न भरून घेतलं असेल तर पोर्टलवर लॉगिन करा, ‘माय प्रोफाइल’ उघडा आणि ईमेल-मोबाइल तुमचेच आहेत का बघा. भरलेल्या रिटर्नची पीडीएफ उतरवून वजावटींचं पानही वाचा.

मग येतो ओटीपी, रिटर्न आपणच भरलंय हे पडताळण्यासाठी (व्हेरिफाय करण्यासाठी) लागणारा. रिटर्न मुदतीत अपलोड झालं, पण आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. “बघू सावकाश.” इथे सावकाश चालत नाही. अपलोड केल्यापासून ३० दिवसांत व्हेरिफाय केलं नाही, तर ज्या दिवशी कराल तोच रिटर्न भरल्याचा दिवस धरला जातो. ५ लाखांच्या वर उत्पन्न असेल तर विलंब शुल्क ५,०००, त्याखाली १,०००. पण खरा फटका वेगळाच. पगारदाराला उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडता येत नाही. घरभाडं, ८०सी (पीपीएफ, विम्याचा हप्ता वगैरे), राहत्या घराच्या कर्जाचं व्याज, सगळ्या वजावटी जातात. नंबर बंद असेल तर नेट बँकिंगमधून किंवा बँक, डीमॅट खात्याच्या ईव्हीसीने (पडताळणीच्या कोडने) व्हेरिफाय करा. तेही नसेल तर आयटीआर-व्ही (रिटर्नची पोचपावती) वर सही करून आयकर खात्याच्या सीपीसी, बेंगळुरू ५६०५०० ला स्पीड पोस्ट. मुदतीत पोचेल अशा बेताने टाका.

शेअर बाजारवाल्यांचं एकच वाक्य: “लॉस झालाय, दाखवायचं कशाला?” फ्युचर्स-ऑप्शन्स हा व्यवसाय धरतात, आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म लागतो. उलाढाल मोजताना नफा-तोटा दोन्ही चिन्ह सोडून मिळवायचे. ४० हजार नफा, ९० हजार तोटा, १५ हजार नफा. उलाढाल १ लाख ४५ हजार, निव्वळ तोटा ३५ हजार. हा तोटा पगारातून वजा होत नाही, पण रिटर्न मुदतीत असेल तर ८ वर्षं पुढे ओढता येतो आणि पुढच्या धंद्याच्या नफ्यातून वळता होतो. न दाखवणारा हे गमावतो.

ज्येष्ठांसाठी एवढंच: बँकेला १५एच (टीडीएस कापू नका, असं सांगणारा फॉर्म) दिला म्हणजे एफडीचं व्याज करमुक्त झालं नाही, फक्त बँकेने टीडीएस कापला नाही. व्याज एआयएस मध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या वर्षभराच्या माहितीपत्रकात) दिसतंच. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या इंग्रजी अक्षरांत पॅन आणि पुढे आठ आकडी जन्मतारीख.

यातलं काही तुमच्या रिटर्नमध्ये सापडलं, तर २०२४-२५ साठी रिव्हाइज्ड (सुधारित) रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. त्यानंतर आयटीआर-यू, म्हणजे मुदत उलटल्यावरचं अपडेटेड रिटर्न. संबंधित कर-निर्धारण वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिने मिळतात, पण कर आणि व्याजावर जादा रक्कम पडते: पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६०, ७०. आणि आयटीआर-यू मध्ये रिफंड वाढवून मागता येत नाही. वजावट दाखवायची राहिली असेल, तर ती रिव्हाइज्ड रिटर्नच्या मुदतीतच घ्यावी लागते.