बेकी हॅमन आणि रशियाची जर्सी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय एका बास्केटबॉल खेळाडूबद्दल, बेकी हॅमन तिचं नाव. जन्म १९७७ चा, अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या रॅपिड सिटी गावचा, आणि ऑलिम्पिकमध्ये खेळली ती रशियाकडून, तेही दोनदा, २००८ ला बीजिंगमध्ये आणि २०१२ ला लंडनमध्ये. तेव्हा अमेरिकेत लोकांनी तिला सरळ गद्दार ठरवलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

उंची फक्त ५ फूट ६ इंच, बास्केटबॉलमध्ये म्हणजे बुटकीच. १९९९ ला कॉलेज संपलं, अमेरिकेच्या व्यावसायिक महिला लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूएनबीएमध्ये, कॉलेजच्या पोरींची निवड होते त्यात तिला कुठल्याच टीमने घेतलं नाही, मग न्यूयॉर्क लिबर्टीने वेगळं बोलावून संधी दिली आणि तिथून तिने स्वतःच्या जोरावर नाव कमावलं. २००७ साली सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या मतदानात ती अख्ख्या लीगमध्ये दुसरी आली. आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या ऑलिम्पिक टीमसाठी संभाव्य २३ जणींची यादी निघाली तर त्यात हिचं नावच नाही! म्हणजे लीगमध्ये दुसरी आणि देशाच्या पहिल्या तेविसात नाही, आता बोला.

त्या वेळी ती अमेरिकेचा सीझन संपला की मॉस्कोच्या सीएसकेए क्लबकडून खेळत होती. रशियाने विचारलं, आमच्याकडून खेळतेस का? ती हो म्हणाली. पैशाचा भाग होताच, तो लपवायचं काही कारण नाही, अमेरिकेत बायकांना लीगमध्ये मिळायचं त्याच्यापेक्षा तिकडचे क्लब कितीतरी जास्त द्यायचे, म्हणून तर तिथल्या बहुतेक मोठ्या खेळाडू हिवाळ्यात युरोपात जायच्या. पण ऑलिम्पिक खेळायचं हे तिचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं आणि घरचं दार बंद होतं. नियमाप्रमाणे वयाच्या १६ वर्षांनंतर नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू टीममध्ये चालतो, रशियाच्या पुरुषांच्या टीममध्ये तशी जागा जे. आर. होल्डन या अमेरिकन खेळाडूने घेतली होती, बायकांच्या टीममध्ये हॅमनने. होल्डनने तर २००७ च्या युरोपियन फायनलमध्ये शेवटच्या क्षणी बास्केट करून स्पेनला स्पेनमध्येच हरवलं, पण त्याच्यावर एवढा गदारोळ झाला नाही. हिच्यावर झाला. अमेरिकेच्या तेव्हाच्या कोच अ‍ॅन डोनोव्हन जाहीरपणे म्हणाल्या की आपल्या देशात वाढून रशियाची जर्सी घालणारी माझ्या लेखी देशप्रेमी नाही.

आणि बीजिंगला सेमीफायनलला समोर कोण तर अमेरिकाच. सगळ्यांच्या नजरा हिच्यावर. अमेरिकेने हिला बास्केटकडे फिरकूच दिलं नाही, सहा प्रयत्नांत एकच बास्केट, एकूण ३ पॉइंट, रशिया ६७-५२ ने हरली. दुसरी कुणी असती तर तिथेच खचली असती. पण पुढची मॅच ब्राँझची, समोर चीन, तेही त्यांच्याच घरात त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, आणि तिथे हिने २२ पॉइंट केले, रशिया ९४-८१ ने जिंकली. मला विचाराल तर तिची खरी ओळख त्या मॅचमध्ये दिसते.

आता गोव्यात आपण हे कुठल्या तोंडाने नावं ठेवणार? आपल्या प्रत्येक वाड्यावर कुणी ना कुणी पोर्तुगीज पासपोर्ट केलेला आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो हक्क मिळतो, माझ्या शेजारच्या काकींच्या घरी तर टेबलावर आजोबांचा जुना पोर्तुगीज जन्मदाखला पसरलेला, नावाचं स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं, त्यासाठी वकिलाकडे खेपा, आणि मुलगा शेवटी इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तिकडचा घेतला की इकडचा सोडावा लागतो, हॅमनला तेवढं तरी सोडावं लागलं नाही, तिचं अमेरिकन नागरिकत्व तसंच राहिलं. त्या मुलाला आपण गद्दार म्हणतो का? नाही. तो चतुर्थीला आला की त्याच्यासाठी पातोळ्या करतो.

आणि खेळाचंच बोलायचं तर आपला इतिहास हॅमनच्या कितीतरी आधीचा आहे. सेराफिनो आंताव, आईवडील गोंयकार, जन्म मोंबासाचा, १९६२ च्या पर्थ कॉमनवेल्थमध्ये केनियासाठी १०० आणि २२० यार्ड अशा दोन्ही शर्यतींत सुवर्ण. १९६४ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये केनिया पहिल्यांदा स्वतंत्र देश म्हणून उतरला, तेव्हा झेंडा याच्याच हातात होता. केनियाच्या हॉकी टीममध्येही आलू मेंडोन्सा, हिलरी फर्नांडिस, सिलू फर्नांडिस, शीख खेळाडूंच्या बरोबरीने गोंयकारच गोंयकार. त्यांना आपण अभिमानाने आपलं म्हणतो ना, मग बेकीला वेगळा न्याय कशाला?

पुढचंही सांगते. २०१४ ला सॅन अँटोनियो स्पर्सने तिला असिस्टंट कोच केलं, एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या पुरुषांच्या लीगमध्ये, पूर्णवेळ पगारी असिस्टंट कोच झालेली ती पहिली बाई. ३० डिसेंबर २०२० ला लेकर्सविरुद्धच्या मॅचमध्ये मुख्य कोच ग्रेग पॉपोविच यांना रेफरीने बाहेर काढलं, जाता जाता त्यांनी हिच्याकडे बोट केलं, आणि एनबीएची टीम त्या दिवशी पहिल्यांदा एका बाईने चालवली. मग डब्ल्यूएनबीएमध्ये लास वेगास एसेस या टीमची कोच म्हणून २०२२, २०२३ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदं. आज तिला अमेरिका डोक्यावर घेते. २३ जणींच्या यादीत जिला जागा नव्हती तीच ही.

जाता जाता एक विनंती. ज्यांच्या घरात नैरोबी, मोंबासा, कंपाला इथले आजोबांचे हॉकीचे किंवा धावण्याचे फोटो असतील त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून प्रत्येक फोटोमागे नावं आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवा, पेनाने नको, शाई पुढे उमटते. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे होईल. देव बरें करूं.