लाकडी सिंहाचा जबडा

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपण एका आवाजापासून सुरुवात करू. पटाशीवर पडणारा लाकडी हातोड्याचा ठोका. टक्, टक्, जरा थांबून पुन्हा टक्. जपानच्या तोयामा प्रांतातल्या इनामी गावात, झुइसेन्जी या बौद्ध मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा ठोका ऐकू येतो. दुतर्फा कोरीवकामाची दुकानं आहेत आणि कारागीर तिथेच बसून काम करतात. १९९६ साली जपानच्या पर्यावरण खात्याने देशभरातले जपण्याजोगे १०० आवाज निवडले, त्यात इनामीच्या या ठोक्यालाही जागा मिळाली. आवाजावरच जगणाऱ्या आम्हा रेडिओवाल्यांना याचं भारी अप्रूप वाटतं.

झुइसेन्जी १३९० सालचं. ते अनेकदा जळालं आणि दर वेळी पुन्हा उभं राहिलं. अठराव्या शतकातल्या अशाच एका उभारणीच्या वेळी क्योतोहून माएकावा सान्शिरो नावाचे मूर्तिकार आले. गावातल्या सुतारांनी त्यांच्या हाताखाली कोरीवकाम शिकून घेतलं, ते आजतागायत चालू आहे. इथला कसबी कारागीर दोनशेहून अधिक पटाश्या वापरतो. याच पटाश्यांतून इतर कामाबरोबर सिंहाचं डोकंही घडतं. त्याला म्हणतात शिशिगाशिरा. गावच्या जत्रेत ते धरून जो नाच करतात, तो शिशिमाई.

आता गंमत बघा. जपानच्या रानात सिंह नाही. तो आला बौद्ध धर्माचं बोट धरून, भारतातून चीन आणि कोरियामार्गे. आपल्या कार्ल्याच्या लेण्यासमोर सिंहस्तंभ आहे ना, त्याच श्रद्धेतला हा सिंह. नारा शहरातल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातली सिंहाची लाकडी डोकी अजून जपून ठेवली आहेत. म्हणजे बाराशेहून अधिक वर्षं तिथले कारागीर न पाहिलेलं जनावर कोरत आले. म्हणूनच त्याच्या भुवया वळणदार, नाकपुड्या फुगलेल्या आणि डोळे बटबटीत. मला तर तो खऱ्या सिंहापेक्षा जास्त जिवंत वाटतो.

लाकूड बहुधा किरीचं, म्हणजे पॉलोनियाचं. पूर्वी मुलगी जन्मली की दारात किरीचं रोप लावायचे आणि तिच्या लग्नात त्याच झाडाचं कपाट करून द्यायचे, इतकं ते भराभर वाढतं. शिवाय हलकं, आणि इथे हलकेपणालाच किंमत आहे. डोकं हातात घेऊन माणसाला नाचायचं असतं. म्हणून बाहेरचा चेहरा जेवढा मन लावून कोरायचा, तेवढंच आतून पोखरायचं. भिंत जाड राहिली तर नाचणाऱ्याचं मनगट भरून येतं, फार पातळ झाली तर आपटल्यावर तडा जातो. कुठे थांबायचं ते कारागिराच्या बोटांना कळतं. खरी विद्या आहे ती या आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या बाजूत, असं मला मनापासून वाटतं.

मग रंग. उरुशी हा झाडाचा चीक. सावंतवाडीच्या खेळण्यांची लाख किड्यांपासून येते, ही तशी नव्हे. आपला बिब्बा कसा अंगावर उततो, तसाच हा कच्चा चीकही उततो. दोन्ही झाडं आंब्याच्याच कुळातली! आणि त्याची तऱ्हा अशी की तो उन्हात वाळत नाही, दमट, उबदार हवेत घट्ट होतो. एकावर एक थर चढतात, लाल किंवा काळे. डोळ्यांना आणि दातांना सोन्याचा वर्ख लागतो, तोही शेजारच्या कानाझावा शहरातला. वर आयाळीचे केस.

जबडा वेगळा कोरून खिळीने बसवतात. नाचणारा आतून तो उघडतो, मिटतो. दातावर दात आपटला की खण्णकन वाजलं पाहिजे. त्या आवाजाने इडापिडा पळते, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. बद्द वाजला तर चेहरा कितीही देखणा असो, त्याचा नाचात काय उपयोग?

अशी डोकी पिढ्यान् पिढ्या वापरात राहतात. उरुशी खरवडली जाते, खिळी सैल पडते, मग गावकरी ती दुरुस्तीला घेऊन येतात. कारागीर जुनं डोकं उलटं करून आधी आत बघतो. कुठल्याशा जुन्या हाताच्या पटाशीचे ओरखडे तिथे तसेच असतात. खेड्यांतली तरुण मंडळी शहरात गेल्यामुळे काही ठिकाणी नाच थांबलेत, याची हुरहूर वाटते. पण जिथे तो चालू आहे, तिथे जत्रेच्या दिवशी आया आपली लेकरं सिंहापुढे धरतात. त्याने डोक्याला चावल्यासारखं केलं की मूल निरोगी राहतं म्हणे. सोनेरी दात जवळ येतात, मूल भोकाड पसरतं, आई हसते आणि जबडा मिटतो. खण्ण!