तडजोडपत्रात 'सोयीनुसार' लिहू नका

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "ताई, मध्यस्थी म्हणजे आपणच माघार घ्यायची ना?" नाही. मध्यस्थी म्हणजे त्रयस्थ माणसाच्या मदतीने दोन्ही बाजूंनी आपसात तोडगा काढायचा. नाही पटलं तर उठून या, दावा होता तिथून पुढे चालतो. आत बोललेलं न्यायाधीशांपर्यंत जात नाही. आणि निकाल देतो तो लवाद, मध्यस्थ नव्हे. व्यापारी दाव्यात तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थी बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलंय. हे झालं. आज मला बोलायचंय ते समेट झाल्यावर लिहायच्या कागदाबद्दल, म्हणजे तडजोडपत्राबद्दल.

वकिलीची पहिली बारा वर्षं मी फक्त दावे लढवले. मग 40 तासांचं प्रशिक्षण घेऊन मध्यस्थ झाले. सुरुवातीचंच एक प्रकरण, दोघांना विचारून, गाव न सांगता सांगते. सख्खे भाऊ, विहीर एक, मोटर एक. चौथ्या बैठकीत समेट झाला. बाहेर पडताना धाकट्याने थोरल्याच्या चपला वळवून पुढे ठेवल्या. माझे डोळे भरून आले. कागदावर लिहिलं: पाण्याची पाळी आठवड्याआड, बिल सोयीनुसार भरावे.

चैत्रात थोरल्याचा फोन आला. "ताई, लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. माझी पाळी प्रत्येक वेळी रात्रीच येते. साठीच्या माणसाने अंधारात दारं धरायची का?" धाकट्याने फसवलं नव्हतं. लाइटीचं वेळापत्रक मीच विचारलं नव्हतं. ती चूक माझी. बिलही थकलेलं, कारण दोघांची सोय वेगवेगळी.

पैशाचंही तेच. 'उरलेली रक्कम लवकरात लवकर द्यावी.' लवकर म्हणजे दिवाळीला की सुगीला? तारीख लिहा, खातं लिहा, हप्ता चुकला तर काय तेही लिहा.

अजूनही क्षुल्लक वाटत असेल तर कोर्टाच्या बाजूने बघा. तडजोडीवर हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश होतो. उद्या समोरच्याने पाळला नाही तर तुम्ही दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावणार. दरखास्तीचं कोर्ट हुकूमनाम्याच्या बाहेर जाऊ शकत नाही. 'सोयीनुसार'ची अंमलबजावणी ते कशी करणार?

एकाने लिहिलंय, "समेट करतो तो वकील कच्चा." हे माझ्या मनाला लागलं. गांधीजी तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात, दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याच्या बाजूने एका दाव्यात काम करत होते. लवादाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, 37,000 पौंड आणि खर्च. समोरचे तय्यब शेठ नात्यातलेच. एकरकमी वसुली केली असती तर त्यांचं दिवाळं निघालं असतं. गांधीजींनी जिंकलेल्या पक्षकाराला लांब मुदतीच्या हप्त्यांना राजी केलं. दोघांना लवादासाठी तयार करण्यापेक्षा या हप्त्यांसाठीच जास्त कष्ट पडले, असं गांधीजींनी स्वतः लिहून ठेवलंय. हे कच्च्या वकिलाचं काम नाही हो.

भावांचा दुसरा कागद आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसून केला. पाळी एक दिवसाआड, बदल सकाळी सहाला. बिल निम्मं-निम्मं, मुदतीच्या पाच दिवस आधी. मोटर जळाली तर खर्च दोघांचा, दुरुस्तीत गेलेले दिवस दोघांनी वाटून सोसायचे. फ्यूजपेटीची किल्ली कुठे टांगायची, तेसुद्धा धाकट्याने लिहून घेतलं.

तुमच्याकडे पाळी कशी ठरते ते तालुक्यासकट लिहा. पुढच्या भागात घरवाटणीचा कागद घेऊ.