स्पोर्टी गाडीचे सस्पेन्शन आणि पन्नास मिलिमीटरचा हिशेब

मंडळी, माझ्या हातात हा जो पिवळट, पावासारखा सच्छिद्र आणि मधोमध भोक असलेला तुकडा दिसतो आहे, त्याला बंप स्टॉप म्हणतात. तो पॉलियुरेथेनचा असतो आणि शॉकअपच्या दांड्यावर, वरच्या माउंटच्या, म्हणजे शॉकअप गाडीला जोडणाऱ्या बैठकीच्या, अगदी खाली बसतो. चाक फार वर उचलले गेले तर लोखंडावर लोखंड आपटू नये, एवढ्यासाठी त्याची योजना असते. याची खालची कड चुरगळून तुटलेली आहे. माझ्या गाडीतून तो निघाला, तेव्हा तिला नव्या स्प्रिंगा बसवून चारच महिने झाले होते. आजचे सगळे व्याख्यान या तुकड्याभोवती फिरणार आहे, कारण स्पोर्टी गाडीचे सस्पेन्शन सुधारताना जी चूक बहुतेक जण करतात आणि मीही केली, तिचा पुरावा याच्या अंगावर आहे.

गाडी होती फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. आपल्या चाकणच्या कारखान्यात २००९च्या अखेरीपासून २०२२पर्यंत पोलो तयार होत होती आणि जीटी टीएसआय २०१३मध्ये आली. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गतींचा स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्स आणि सुमारे अकराशे किलो वजन, अशी ही गाडी पुण्याच्या परिसरात अनेकांनी जिवापाड सांभाळली आहे. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकत्र उभा खांब, आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई आहे. अभियंते अर्ल मॅकफर्सन यांची स्ट्रटची कल्पना १९५०च्या फोर्ड कॉन्सलमध्ये प्रथम मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली आणि आज आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक गाड्या तिच्यावरच उभ्या आहेत. त्यामुळे मी पोलोविषयी बोललो, तरी त्यातले पुष्कळसे आपल्या दारातल्या गाडीलाही लागू पडेल.

मी काय केले, ते आधी सांगतो. गाडी सत्तर हजार किलोमीटर चालली होती, वळणावर झुकत होती आणि महामार्गावर थोडी तरंगत होती. एका दुकानात मला ३५ मिलिमीटरने गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा सुचवण्यात आल्या. त्या मूळ स्प्रिंगांपेक्षा तीस टक्के कडक होत्या. शॉकअप जुनेच राहिले आणि बंप स्टॉपही जुनेच राहिले. गाडी दिसायला देखणी झाली, शहरात घट्ट वाटू लागली आणि मी समाधानी होतो.

ऑक्टोबरात ताम्हिणी घाटातून मुळशीहून माणगावकडे उतरत होतो. पावसाने एका मोरीच्या कडेचे डांबर उखडले होते आणि ती मोरी नेमकी डाव्या वळणाच्या मध्यावर होती. वेग पन्नासच्या आसपास. गाडीने वळण धरलेले होते, उजवे पुढचे चाक त्या उखडलेल्या कडेवर चढले, धाडकन आवाज आला आणि पुढची बाजू वळण सोडून सरळ उजवीकडे, समोरच्या वाहतुकीच्या मार्गिकेत जवळजवळ हातभर सरकली. समोरून कोणी येत नव्हते. मागच्या आसनावर माझी आई बसलेली होती, आणि तिच्या मानेला बसलेला हिसका पुढे आठवडाभर दुखत होता. तो आठवडा मी गाडीखाली आणि कागदावरच्या आकडेमोडीत घालवला.

आता तो हिशेब मांडतो. आकडे सोयीसाठी गोल धरले आहेत. समजा, पुढच्या एका स्प्रिंगेवर ३०० किलोचा भार आहे आणि ती एक मिलिमीटर दाबायला २० न्यूटन लागतात. अशा गाडीची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे स्प्रिंगेवर ती आपोआप किती वेळा वरखाली होते तो आकडा, सेकंदाला सुमारे १.३ येते, जी आरामदायी गाडीला शोभणारी आहे. गाडी स्थिर उभी असताना शॉकअपच्या शरीराचे वरचे टोक आणि बंप स्टॉप यांच्यात ५० मिलिमीटरचे मोकळे अंतर असेल, तर शॉकअप बंप स्टॉपला भिडण्यापूर्वी स्प्रिंग आणखी १००० न्यूटन पेलू शकते. ही त्या स्प्रिंगेची शिल्लक. आता गाडी ३५ मिलिमीटर खाली आणा. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये चाकाची हालचाल आणि शॉकअपची हालचाल जवळपास सारखीच असल्यामुळे मोकळे अंतर उरते १५ मिलिमीटर. स्प्रिंग तीस टक्के कडक, म्हणजे २६ न्यूटनची. पंधरा गुणिले सव्वीस, म्हणजे ३९० न्यूटन. कडक स्प्रिंग घालूनही शिल्लक निम्म्यापेक्षा कमी झाली! पहिली शिल्लक कायम ठेवायची असती, तर स्प्रिंग ६७ न्यूटनची, म्हणजे मूळच्या तिपटीहून कडक घ्यावी लागली असती आणि कंपनसंख्या २.४च्या घरात, शर्यतीच्या गाडीच्या पंक्तीत जाऊन बसली असती. त्या गाडीत आईला बसवण्याचा प्रश्नच उरला नसता.

ताम्हिणीत घडले ते यातून उलगडते. वळणात बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकावर भार आधीच वाढलेला होता आणि पंधरापैकी बहुतेक मिलिमीटर संपलेले होते. मोरीची कड आली, तसा शॉकअप बंप स्टॉपला भिडला आणि त्या चाकाचा ताठरपणा क्षणार्धात कित्येक पटींनी वाढला. चाक वर जाऊ शकेना, म्हणून सगळी गाडीच वर उचलली गेली. टायरवरचा भार एकदम चढला आणि लगेच नाहीसा झाला. ज्या टायरवर भार नाही, त्याला पकडही नाही.

गाडी खाली आणल्याने फायदा होतो हे खरे, पण किती होतो, हेही मोजून पाहावे. अकराशे किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर, दोन चाकांमधील अंतर सुमारे १४६ सेंटीमीटर आणि वळणाचा जोर गुरुत्वाच्या निम्मा धरला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण २००० न्यूटन भार सरकतो. या बेरजेत स्प्रिंगेचा ताठरपणा कोठेही येत नाही. स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाके जोडून गाडीचे झुकणे रोखणारी कांब) एवढेच ठरवतात, की त्या भारातला किती वाटा पुढे सरकावा आणि किती मागे. गाडी ३५ मिलिमीटर खाली आणल्यास सरकणारा भार पाच-सहा टक्क्यांनी घटतो, त्यापेक्षा जास्त नाही. उलट, मॅकफर्सन स्ट्रटची गाडी खाली आली की खालचे आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे लोअर आर्म, आडवे होऊ लागतात आणि ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली जातो. दोघांमधले अंतर वाढते, म्हणजेच झुकवणारी तरफ लांब होते. नव्या स्प्रिंगेच्या कडकपणातला काही भाग ही वाढलेली तरफ झेलण्यातच खर्च होतो.

दुसरी चूक शॉकअपची होती. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती ऊर्जा उष्णतेत बदलून जिरवण्याचे काम शॉकअपचे आहे. स्प्रिंग तीस टक्के कडक केली, तर पूर्वीइतकेच अवमंदन, म्हणजे हेलकावे शमवण्याची क्षमता, टिकवण्यासाठी शॉकअपचा प्रतिरोध सुमारे चौदा टक्क्यांनी वाढायला हवा. माझे शॉकअप सत्तर हजार किलोमीटरनंतर मूळ स्प्रिंगेलाही पुरे पडत नव्हते. गाडी तरंगण्याचे खरे कारण तेच होते. बॉनेटवर दाबून सोडण्याची जी परीक्षा आपण सगळे करतो, तिच्यात पूर्ण मेलेला शॉकअप तेवढा सापडतो, अर्धा थकलेला सापडत नाही. तेलाचा ओघळ दिसेपर्यंत थांबणेही योग्य नाही.

म्हणून मी सर्वांना सांगतो की सुरुवात शॉकअपपासून करा, आणि त्याच्याही आधी रबरापासून. लोअर आर्मचे मागचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे), लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारे दांडे), स्ट्रट माउंट आणि त्याचे बेअरिंग हे भाग स्वस्त आहेत, कोणाला दिसत नाहीत आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतात. बुश फाटलेला असेल तर ब्रेक दाबताच चाकाची दिशा बदलते आणि मग कितीही महागडा शॉकअप बसवला तरी स्टीअरिंगमध्ये नेमकेपणा येत नाही.

शॉकअप निवडताना एक फरक ध्यानात ठेवावा. वळणात गाडी झुकते तेव्हा शॉकअपचा दांडा हळू, सेकंदाला दहा सेंटीमीटरच्या आत सरकतो. खड्ड्यात चाक आपटते तेव्हा तोच दांडा एक मीटरच्याही पुढच्या वेगाने धावतो. चांगला शॉकअप हळू हालचालीला ठाम विरोध करतो आणि वेगवान हालचालीला वाट देतो. गाडी एकाच वेळी घट्टही वाटावी आणि मऊही चालावी, ही वरकरणी परस्परविरोधी मागणी यामुळेच बऱ्याच अंशी पुरी होते. उच्च दाबाचा नायट्रोजन भरलेले मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, शॉकअप बिलस्टाइन कंपनीने १९५०च्या दशकात मर्सिडीजसाठी आणले. आज त्यांचा बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठी आणि बी८ खाली आणलेल्या गाडीसाठी, आखूड शरीराचा, असा मिळतो. कोनी कंपनीच्या एफएसडी प्रकारात जलद कंपनांसाठी तेलाला जास्तीची वाट ठेवलेली असते आणि सावकाश हालचालीत ती बंद होते. मोनोट्यूबमध्ये तेल आणि वायू यांच्यात तरंगता पिस्टन असल्याने तेलाला फेस येत नाही, आणि घाटात अर्धा तास सलग उतरल्यावरही शॉकअपचा स्वभाव बदलत नाही. मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

मी मूळ स्प्रिंगा परत बसवल्या, मोनोट्यूब शॉकअप घेतले, माउंट, बंप स्टॉप आणि धूळरोधक बूट नवे घातले. त्यानंतरही गाडी वळणाच्या तोंडाशी नाक बाहेर काढत होती, तेव्हा मागच्या टॉर्शन बीमला जोडायचा अँटी-रोल बार घेतला. हा बार बीमला जास्त पिळू देत नाही, त्यामुळे सरकणाऱ्या भारातला जास्त वाटा मागची चाके उचलतात आणि पुढच्या बाहेरच्या टायरला उसंत मिळते. येथे एक सावधगिरी हवी. बारचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. २० मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटरचा बार घेतला, की तो दहा टक्क्यांनी नव्हे, तर सेहेचाळीस टक्क्यांनी ताठर होतो. ओल्या रस्त्यावर, वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यास अशा गाडीचे शेपूट निसटू शकते. कोकणात पावसाळ्यात ये-जा असेल, तर मिळेल त्यातला सर्वांत बारीक बार घ्यावा.

टायरविषयी थोडक्यात. १८५/६० आर१५ टायरची भिंत १११ मिलिमीटरची असते, २०५/४५ आर१७ टायरची ९२. मोठी रिम घेतली की गमावलेले हे एकोणीस मिलिमीटर खड्ड्यातला पहिला घाव झेलत होते. जड रिम घेतली तर शॉकअपला आवरायचे वजनही वाढते. उंची बदलता येणाऱ्या कॉइलओव्हरची, म्हणजे आटे फिरवून स्प्रिंग वरखाली करता येणाऱ्या शॉकअपची, मला आपल्या पावसात धास्ती वाटते. आटे गंजले की उंची बदलणे कागदावरच राहते. मोटार वाहन अधिनियम, १९८८चे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधन घालते, हेही प्रत्येकाने लक्षात ठेवावे. मूळ उंची राखण्यामागे माझे तेही एक कारण होते.

बसवणीतली एकच गोष्ट सांगतो, कारण ती हमखास चुकते. लोअर आर्मच्या बुशाचे रबर आतल्या-बाहेरच्या नळ्यांना चिकटवलेले असते, ते फिरत नाही, पिळले जाते. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना तो बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि काही महिन्यांत ते फाटते. बोल्ट आधी सैल लावावा, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करावी आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचा आवळ द्यावा. अलाइनमेंट त्यानंतर.

काम झाल्यावर मी धूळरोधक बूट वर सरकवून पुढच्या दोन्ही शॉकअपच्या दांड्यांवर एकेक केबल टाय बांधला. चाक वर गेले, की शॉकअपचे शरीर त्या टायला वर ढकलते आणि तो तेथेच राहतो. प्रवासात जास्तीत जास्त किती अंतर वापरले गेले, हे त्यावरून कळते. आईला घेऊन त्याच घाटातून, त्याच मोरीवरून, त्याच वेगाने उतरलो. पुढची बाजू किंचित दबली, वर आली आणि एका हेलकाव्यात शांत झाली. वळण सुटले नाही. माणगावला चहाला थांबलो तेव्हा चाक पूर्ण वळवून, टॉर्चच्या उजेडात पट्टी लावली. उजवीकडचा टाय बंप स्टॉपच्या नऊ मिलिमीटर खाली थांबलेला होता.